नाशिकमध्ये रविवारी किती मिसळ खपते? इंटरव्ह्यूतले डोकं फिरवणारे प्रश्न, जरा सोप्या भाषेत

समजा तुम्ही सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या टेक्निकल राउंडला बसलाय, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरचं झालं, डेटाबेस झालं, सगळं बरं चाललंय, आणि समोरचा माणूस पाणी पिता पिता विचारतो, "नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळीच्या किती प्लेटा जात असतील हो?" निम्म्या पोरांची इथे बोबडी वळते. कुणी "एक लाख सर" असं ठोकून देतं आणि गप्प बसतं, कुणी म्हणतं "सर, असा डेटा कुठे मिळणार". दोन्ही उत्तरं वाया गेली. आकडा बरोबर की चूक हा भागच नाही, खरा आकडा विचारणाऱ्यालाही माहीत नसतो, त्याला बघायचं असतं की कागद कोरा असताना तुम्ही पहिली रेघ कुठे ओढता.

आपल्याकडे प्लेसमेंटचा सीझन आला की अमृतधामपासून त्र्यंबक रोडपर्यंत सगळ्या कॉलेजांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "टॉप १०० पझल्स" नावाच्या पीडीएफ फिरायला लागतात, पोरं त्या रात्री जागून घोकतात आणि पुण्याला हिंजवडीला इंटरव्ह्यूला गेली की नेमकं एकशे एकावं पझल येतं. मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसतो, म्हणजे इंटरव्ह्यू घेतो, आणि माझं सरळ मत आहे की पोरं बुद्धीत कमी पडत नाहीत, ती सगळ्या प्रश्नांना एकाच मापाने मोजतात तिथे गडबड होते. हे प्रश्न वेगवेगळ्या जातीचे असतात आणि प्रत्येक जातीमागे विचारणाऱ्याला हवं असलेलं काहीतरी वेगळं असतं. समोर आलेला प्रश्न कुठल्या जातीचा हे कळलं की निम्मं टेन्शन तिथेच जातं.

मिसळीचाच घेऊ. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर साधारण १४ लाख ८६ हजारांचं होतं, आता पाथर्डी फाटा काय, गंगापूर रोड काय, सगळीकडे बिल्डिंगा उठल्यात, तर हिशोबाला २० लाख धरा. घरटी चार माणसं धरली तर ५ लाख घरं. रविवारी दहातलं एक घर मिसळीला बाहेर पडतं असं समजा, ५० हजार घरं, लहान पोरं सोडली तर घरटी तीन प्लेटा, झाल्या दीड लाख. बहुतेक जण इथे थांबतात, आणि खरं सांगतो, गंमत इथून पुढे आहे. हाच आकडा दुसऱ्या बाजूने काढून बघायचा. मोठी, पार्किंगवाली, झाडाखाली टेबलं टाकलेली मिसळीची ठिकाणं शहरात आणि आजूबाजूला ५० धरा, रविवारी प्रत्येकी ८०० प्लेटा, ४० हजार. छोटी हॉटेलं आणि गाडे ४०० धरा, प्रत्येकी १०० प्लेटा, अजून ४० हजार. म्हणजे ८० हजार. एकीकडून दीड लाख, दुसरीकडून ८० हजार, म्हणजे आपण साधारण रस्त्यावर आहोत, ८ हजार किंवा १५ लाख असं काही नाहीये. मग बोलायचं की सर, माझ्या मते पहिल्या हिशोबातला "दहातलं एक घर" हा अंदाज सगळ्यात कच्चा आहे, वीसातलं एक धरलं तर दोन्ही आकडे जुळायला लागतात. आपल्या हिशोबातली कच्ची वीट स्वतः दाखवता आली ना, की मी तरी पुढचं काही ऐकायच्या आधीच मनातल्या मनात टिक मारलेली असते.

या पद्धतीला फर्मी एस्टिमेशन म्हणतात, हे नाव पडलं ते एन्रिको फर्मी या फिजिक्सवाल्यावरून. शिकागोत पियानो सुरात लावणारे किती असतील हा त्याच्या नावावरचा गाजलेला प्रश्न. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली तेव्हा या माणसाने धक्क्याची लाट येताना हातातले कागदाचे कपटे सोडले, ते किती लांब उडाले ते बघितलं आणि स्फोट साधारण १० किलोटनाचा असेल म्हणून सांगितलं, खरा निघाला २० च्या पुढे. कपट्यांवरून दुपटीच्या आसपास येणं म्हणजे कमालच आहे. आपल्या मिसळीसारखे अंदाज जमतात कारण एका मोठ्या अंदाजाचे पाच छोटे तुकडे केले की काही तुकडे जास्त निघतात, काही कमी, आणि चुका एकमेकीला बऱ्यापैकी खाऊन टाकतात. कामातही हेच लागतं, उद्या कुणी विचारलं की आपल्या अॅपला किती सर्व्हर लागतील तर तिथे पण तयार उत्तर कुठेच नसतं.

आता दुसरी जात, निव्वळ कोडी. गटाराची झाकणं गोल का असतात? तीन बल्ब आतल्या खोलीत, तीन बटणं बाहेर, आत एकदाच जाता येईल, कुठलं बटण कुठल्या बल्बचं? १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या इंटरव्ह्यूंमुळे असले प्रश्न जगभर पसरले, फुजी पर्वत कसा हलवाल हा पण तिथलाच. पण हे वेड त्याहून जुनं आहे. १९२१ मध्ये थॉमस एडिसन नोकरीला येणाऱ्यांना सामान्य ज्ञानाचे दीडशेच्या आसपास प्रश्न विचारायचा आणि पेपरांत त्यावर भरपूर दंगा झाला होता. आइनस्टाइन त्या वर्षी अमेरिकेत होता, त्याला कुणीतरी त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रश्न विचारला, तर तो म्हणाला की पुस्तकात मिळणाऱ्या गोष्टी मी डोक्यात ठेवत नाही. म्हणजे बघा, एडिसनच्या कंपनीत आइनस्टाइन बाद.

झाकणाचं उत्तर असं की वर्तुळाची रुंदी कुठूनही मोजा सारखीच, त्यामुळे झाकण तिरपं करूनही आत पडत नाही, चौकोनी झाकण उभं करून कर्णाच्या दिशेने धरलं की पडू शकतं. शिवाय गोल झाकण घरंगळत नेता येतं आणि बसवताना कोपरे जुळवत बसावं लागत नाही. आपल्या गल्लीत चौकोनी झाकणं पण दिसतात हा मुद्दा काढलात तर इंटरव्ह्यू घेणारा एकतर खूश होतो नाहीतर चिडतो, आणि चिडला तर तिथे नोकरी न लागलेलीच बरी. बल्बचं उत्तर म्हणजे पहिलं बटण चालू करून थोडा वेळ थांबायचं, ते बंद करून दुसरं चालू करायचं आणि आत जायचं, पेटलेला दुसऱ्याचा, विझलेला पण गरम तो पहिल्याचा, गार तो तिसऱ्याचा. आता एलईडीच्या जमान्यात किती गरम लागेल देव जाणे. या जातीबद्दल माझं मत चांगलं नाहीये. ज्याने कोडं आधी ऐकलंय तो हुशार ठरतो, ज्याने नाही ऐकलं तो ढ. गूगलमध्ये पण असले प्रश्न चालायचे, पण जून २०१३ मध्ये तिथले मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्झलो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला स्पष्ट सांगितलं की ही कोडी म्हणजे वेळ वाया घालवणं आहे, माणूस पुढे काम कसं करेल हे त्यातून काहीच कळत नाही, विचारणाऱ्याला स्वतः हुशार वाटतं एवढाच काय तो फायदा. तरी आपल्याकडे अजून विचारतात, तेव्हा अशी चारपाच माहीत असू द्यावीत, पण यात रात्री घालवू नका.

तिसरी जात मात्र मला मनापासून आवडते. दिसायला कोडं, पण आत खरं कॉम्प्युटर सायन्स लपलेलं. दोन अंडी आणि शंभर मजल्यांचं कोडं बघा. नाशिकमध्ये शंभर मजली बिल्डिंग नाही हे मान्य, समजा आहे. कुठल्यातरी मजल्यापासून वर अंडं टाकलं की फुटतं, त्याखालून टाकलं तर फुटत नाही, तो मजला शोधायचाय, अंडी दोनच, आणि कितीही वाईट नशीब असलं तरी कमीत कमी वेळा टाकून शोधायचाय. पोरं लगेच म्हणतात बायनरी सर्च, म्हणजे दरवेळी मधोमध दोन भाग करत शोधायचं, पन्नासाव्यावरून टाका. टाकलं आणि फुटलं तर? उरलेलं एकच अंडं, आता पहिल्या मजल्यापासून एकेक चढत ४९ पर्यंत जावं लागणार कारण हे फुटलं की खेळ संपला, म्हणजे एकूण ५० वेळा. मग कुणीतरी म्हणतं दहादहाच्या उड्या मारू, १०, २०, ३०. बरं आहे, पण शंभराव्याला फुटलं तर दहा उड्या आणि वर ९१ ते ९९ असे नऊ, एकूण १९, आणि दहाव्यालाच फुटलं तर फक्त १० मध्ये काम होतं. म्हणजे नशीब चांगलं तर १०, वाईट तर १९, इथे काहीतरी असमतोल आहे असं टोचायला पाहिजे, हे टोचणं म्हणजेच उत्तराचं दार. जितक्या उड्या जास्त झाल्या तितका पुढचा टप्पा छोटा ठेवायचा, प्रत्येक उडीला एक मजला कमी. पहिली उडी १४ व्या मजल्यावर, मग १३ मजले वर म्हणजे २७, मग ३९, मग ५०, असं. १४ मध्ये फुटलं तर एक उडी अधिक खालचे १३, एकूण १४. २७ ला फुटलं तर दोन उड्या अधिक १२, पुन्हा १४. कुठेही फुटलं तरी १४ च्या वर जात नाही. १४ च का, तर १४ अधिक १३ अधिक १२ करत एकपर्यंत आलं की १०५ होतात, शंभर मजले झाकले जातात, १३ पासून सुरू केलं तर ९१ च होतात, नऊ मजले उघडे राहतात.

हे समजून घेतलेला आणि "उत्तर १४" पाठ केलेला यांच्यातला फरक काढायला मला अर्धं मिनिट लागतं. मी विचारतो, अंडी तीन दिली तर? पाठवाला गार पडतो. समजलेला म्हणतो थांबा सर, पहिलं अंडं फुटलं की खाली मघाचाच दोन अंड्यांचा प्रश्न उरतो, आणि कागदावर मांडायला लागतो, उत्तर ९ येतं पण ते नाही आलं तरी मला चालतं. मोठा प्रश्न छोट्या स्वतःसारख्याच प्रश्नावर नेऊन टाकणं आणि छोट्यांची उत्तरं लिहून ठेवून पुन्हा वापरणं, यालाच पुस्तकात डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात, ज्या नावाने पोरं थर्ड इयरपासून घाबरून असतात.

दुसरं कोडं तर नाशिककरांना शोभणारंच आहे. वाईनच्या १००० बाटल्या, एकीत विष, उंदीर दहा, विष चढायला एक दिवस लागतो आणि तुमच्याकडे एकच दिवस आहे. बाटली शोधा. इथे पोरं उंदरांना शंभर शंभर बाटल्या वाटून देतात आणि अडकतात, कारण मेलेल्या उंदराच्या शंभरातली कुठली ते कळत नाही. युक्ती अशी की बाटल्यांना शून्यापासून ९९९ पर्यंत नंबर द्या आणि नंबर बायनरीत लिहा, म्हणजे शून्य आणि एक वापरून, दहा घरांत. पहिल्या उंदराने त्या सगळ्या बाटल्यांतला थेंब प्यायचा ज्यांच्या उजवीकडून पहिल्या घरात एक आहे, दुसऱ्याने दुसऱ्या घरात एक असलेल्या, असं दहाव्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी पहिला आणि तिसरा मेला, बाकी जिवंत, तर नंबर झाला १०१, म्हणजे आपला पाच, पाच नंबर लिहिलेल्या बाटलीत विष. दहा उंदीर म्हणजे दहा हो-नाही उत्तरं, आणि दहा हो-नाही मधून १०२४ वेगवेगळे निकाल निघतात, म्हणून हजार बाटल्या आरामात बसतात. उंदरांसाठी वाईट वाटतं ते सोडा, पण बिट म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं मला कुणी शिकवलं नाही.

आता कोडिंग राउंड, म्हणजे ज्याच्यासाठी सगळे डीएसए डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) करत लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर बसलेले असतात. सगळ्यात चावून चोथा झालेला प्रश्न घ्या, एक लाख आकड्यांची यादी आहे, त्यात बेरीज १००० येणारे दोन आकडे शोधा. सरळ मार्ग, प्रत्येक आकड्याची प्रत्येकाशी जोडी लावून बघा. चूक नाहीये, आधी हेच बोला, पण लगेच हेही सांगा की एक लाखाच्या जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. ओ ऑफ एन स्क्वेअर म्हणतात ते हेच, यादी दुप्पट झाली की काम चौपट. मग दुसरा मार्ग, यादीतून एकदाच जायचं आणि बघितलेला आकडा हॅश मॅपमध्ये टाकत जायचं. हॅश मॅप म्हणजे वाण्याच्या दुकानातले लेबल लावलेले डबे, जिरं हवं तर तो सगळे डबे उघडत बसत नाही, हात थेट जिऱ्याच्या डब्यावर जातो. तसं ३४० दिसला की विचारायचं ६६० आधी येऊन गेलाय का, गेला असेल तर सापडलं, नसेल तर ३४० नोंदवून पुढे. ५०० कोटींचं काम लाखभरात आलं, बदल्यात मेमरी जास्त लागली, आणि "बदल्यात" हा शब्द उच्चारलात की समोरचा मान हलवतो. एक बारीक खड्डा आहे, आधी विचारायचं आणि मग नोंदवायचं, उलटं केलं तर यादीत एकच ५०० असताना तो स्वतःचीच जोडी लावून बसतो. असे खड्डे स्वतःहून दाखवायचे, रिकामी यादी दिली तर काय, उत्तरच नसेल तर काय.

आणि सोप्या प्रश्नाला सोपं समजू नका. बायनरी सर्च सगळ्यांना येतो ना? मधला नंबर काढायला खालचा आणि वरचा मिळवून दोनने भागतात. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी, म्हणजे तो कोड लिहिणाऱ्यानेच, जाहीर लिहिलं की जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये, हे असंच होतं आणि ही चूक नऊएक वर्षं तिथे पडून होती. साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जावाच्या नेहमीच्या प्रकारात, जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, यादी साधारण १०७ कोटींच्या पुढची असेल तर बेरीज त्याच्या वर जाऊ शकते आणि आकडा एकदम मायनसमध्ये पलटी खातो. वरच्यातून खालचा वजा करून त्याचा निम्मा खालच्यात मिळवला की प्रश्न मिटतो. जावाच्या लायब्ररीत जे नऊ वर्षं दिसलं नाही ते तुम्हाला वीस मिनिटांत घामाघूम असताना दिसेल अशी अपेक्षा शहाणा माणूस ठेवत नाही, पण माहीत असेल तर बोलून टाका.

राहिले ते फिरकीचे प्रश्न, आणि यात दोन प्रकार आहेत, कामाचे आणि उगाचचे. कामाचा म्हणजे, ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ का? कॉम्प्युटर बहुतेक भाषांत नाही म्हणतो, कारण एक दशांश बायनरीत नीट लिहिताच येत नाही, जसा एक तृतीयांश आपल्याला ०.३३३ करत बसावा लागतो, मग उत्तरात तीननंतर पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार उगवतो. म्हणूनच बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम अशी दशांशात ठेवत नाहीत, रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात ठेवतात नाहीतर दशांश जसाच्या तसा ठेवणारा डेसिमल टाइप वापरतात. दुसरा कामाचा, ज्यांनी ऑर्डर दिली नाही असे ग्राहक शोधायला एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नॉट इन लिहिलं आणि आतल्या यादीत एक जरी नल, म्हणजे न भरलेली जागा, आला तर उत्तर रिकामं येतं, कारण नलशी तुलना केली की हो पण नाही आणि नाही पण नाही, "माहीत नाही" असं येतं. यावर खऱ्या नोकऱ्यांमध्ये रात्री गेल्यात लोकांच्या. उगाचचा म्हणजे तिसरा व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जादा जागा, न वापरता दोन आकड्यांची अदलाबदल करा. बेरीज-वजाबाकीने होते, एक्सॉर या बिटांवरच्या क्रियेने होते, पण दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर एक्सॉरमध्ये तो आकडा शून्य होऊन बसतो, आणि कामावर कुणी असलं लिहिलं तर मी त्याला परत लिहायला लावीन. जावात इंटिजर ऑब्जेक्टमध्ये ठेवलेल्या १२७ ची तुलना डबल इक्वलने बरोबर येते आणि १२८ ची चुकते, कारण इंटिजरचे उणे १२८ ते १२७ एवढेच ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवलेले असतात, हे मात्र मध्ये कुठेतरी येतं, आकडे पाठ नसले तरी "सर, ऑब्जेक्टची तुलना इक्वल्सने करायची" एवढं सांगितलं तरी भागतं.

मग हे सगळं करून चांगला माणूस मिळतो का? नेहमीच नाही. मॅकवर सॉफ्टवेअर टाकायला जगभर वापरतात ते होमब्रू बनवणाऱ्या मॅक्स हॉवेलने २०१५ मध्ये ट्विट केलं होतं की बोर्डवर बायनरी ट्री, म्हणजे दोन-दोन फांद्या फुटत जाणारी डेटाची मांडणी, उलटी करता आली नाही म्हणून गूगलने मला घेतलं नाही, त्यावर अजून भांडणं चालतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन गोळा करून दाखवलं की मनाला येईल ते विचारण्यापेक्षा सगळ्यांना ठरलेले सारखे प्रश्न विचारणं किंवा थोडं प्रत्यक्ष काम करून घेणं यातून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज जास्त चांगला येतो. कंपन्यांना हे कळत नाही असं नाही, पण एका प्लेसमेंट ड्राइव्हला एवढी पोरं येतात की चाळणी लावावीच लागते, आणि चुकीचा माणूस घेण्यापेक्षा चांगला माणूस हुकला तरी चालेल असा त्यांचा हिशोब असतो. हुकणाऱ्याला तो हिशोब कुणी सांगत नाही, पोरगं बिचारं घरी येऊन स्वतःला शिव्या देतं.

आपल्या पोरांची एक खास अडचण मी बघितलीय. डोकं मराठीत चालतं, बोलायचं इंग्रजीत असतं, म्हणून विचार करताना गप्प बसतात, आणि गप्प बसलेला माणूस विचार करतोय की अडकलाय हे समोरच्याला कळत नाही. यावर उपाय म्हणजे मित्राला समोर बसवायचं आणि प्रश्न सोडवताना तोंडाने बोलत राहायचं, आधी सरळ मराठीत, मग मराठी-इंग्रजी मिक्स, मग जमेल तसं इंग्रजीत. मित्राने मध्ये मध्ये "का?" विचारायचं, बाकी काही नाही. इंटरव्ह्यूत व्याकरण चुकलं तरी कुणी मार्क कापत नाही, निदान मी तरी नाही. आणि प्रश्न ऐकल्यावर लगेच सुटू नका, आधी एकदोन गोष्टी विचारून घ्या, यादी क्रमाने लावलेली आहे का, आकडे उणे असू शकतात का, पुन्हा पुन्हा येऊ शकतात का.

कोडं आधी ऐकलेलं असेल तर सांगून टाका, "सर, हे मला माहीत आहे, सोडवून दाखवू की दुसरं देता?" नाटक करून, मध्येच कपाळाला हात लावून "अरे हो!" करणारी पोरं लगेच ओळखू येतात. सांगितल्यावर काही जण दुसरा प्रश्न देतात, काही जण म्हणतात चला मग तीन अंड्यांचं करून दाखव, आणि तिथून खरा इंटरव्ह्यू सुरू होतो.